पहिली भेट

अमेरिकेत १९६३ साली अध्यक्ष केनेडींनी एका कायद्यावर सही केली आणि दूरच्या मनोरुग्णालयांऐवजी वस्तीजवळच्या केंद्रांत उपचारांची वाट खुली झाली. अशा केंद्रात आलेल्याला प्रथम भेटतो तो ‘इनटेक थेरपिस्ट’. हाती थोडा वेळ आणि लांबलचक फॉर्म. झोप, दारू, औषधं, घर, पैसा, सगळं विचारायचं. सर्वांत अवघड प्रश्न : ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्यानं नसता विचार डोक्यात शिरेल, अशी आपल्याला भीती. तसं होत नाही. उलट अनेकांना बोलून हलकं वाटतं. पुढचे उपचार बहुधा दुसराच कुणी करतो. म्हणून जखम उघडायची, ती कळण्यापुरतीच. घरात मात्र पहिले ऐकणारे आपणच. तेव्हा विचारा, उत्तर संपेपर्यंत थांबा. मदतीला ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक आहेच.