भाडं लाखांत, मुक्काम पाहुण्याचा

मुंबईत ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला उभ्या असलेल्या आर्ट डेको इमारतींत फ्लॅट भाड्याने घेणाऱ्याला ब्रोकर आधी बाल्कनीत नेतो. स्वयंपाकघर, न्हाणीघर, पार्किंग हे सगळं नंतर. समोर मैदान, त्यापलीकडे उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर. या गॉथिक वास्तू आणि मैदानाच्या अलीकडची व मरीन ड्राइव्हवरची आर्ट डेको घरं यांना युनेस्कोने 2018 साली एकत्रच जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. महिन्याकाठी काही लाख रुपये मोजले जातात ते या दृश्यासाठी, गोल वळण घेतलेल्या बाल्कनीसाठी, खिडक्यांवरच्या भुवयांसारख्या छज्ज्यांसाठी आणि 1930 च्या दशकातल्या उंच छतासाठी. पैसे भरपूर पडतात आणि माल अस्सल मिळतो, यात वाद नाही. पण त्या पैशांतून राहण्याचा हक्क किती मिळतो हे करारात पाहिलं, तर उत्तर चमत्कारिक येतं. त्याच जिन्यावर शेजारी पागडीने, म्हणजे आत येताना मोठी रक्कम मोजून, राहणारं कुटुंब महिन्याला काहीशे रुपये देत असेल, तरी कायद्याच्या नजरेत त्या घरावर त्याचा हक्क लाखो रुपये देणाऱ्यापेक्षा कितीतरी पक्का असतो.

हा करार लिव्ह अँड लायसन्सचा असतो, आणि त्याची नोंदणी होताना पाहण्यासारखी असते. आता त्यासाठी उपनिबंधक कार्यालयात ताटकळावं लागत नाही. लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन माणूस घरी येतो. मालक, घेणारा आणि दोन साक्षीदार यांचे फोटो निघतात, आधार क्रमांक भरले जातात, अंगठे उमटतात. एखाद्याचा अंगठा यंत्र ओळखतच नाही, मग बोट पुसून पुन्हा ठेवायचं. मसुद्यात आतल्या वस्तूंची यादी जोडलेली असते: एसी किती, कोणत्या बनावटीचे, सागवानी दारांचं पॉलिश कसं आहे, जुन्या फरशीला कुठे तडा आहे. भिंतीत खिळा ठोकायचा तर मालकाची लेखी संमती हवी. आणि बहुतेक मसुद्यांत एकच गोष्ट दोन-तीन वेगवेगळ्या कलमांतून बजावलेली असते, ती म्हणजे या कराराने घेणाऱ्याला भाडेकरूचा कोणताही हक्क मिळत नाही, घराचा कायदेशीर ताबा मालकाकडेच राहतो. नंतर सोसायटीला कागद द्यायचे, पोलिस ठाण्याला कळवायचं, की झालं. इतकी बारीक यादी करणारा हा दस्त इमारतीच्या बाहेरच्या भिंतीबद्दल, गच्चीबद्दल, खाऱ्या वाऱ्याने सळ्या फुगून पोपडे धरलेल्या स्लॅबबद्दल मात्र सहसा अवाक्षर काढत नाही.

मालक इतका का घाबरतो? त्याला इतिहास आहे. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीशी बांधून टाकली. त्यातून वाट काढण्यासाठी मालकांनी लायसन्सची पद्धत धरली. मग 1973 च्या दुरुस्तीने त्या वर्षी 1 फेब्रुवारीला जे लायसन्सवर राहत होते, त्यांना थेट भाडेकरूच मानलं. एका रात्रीत पाहुणा घरचा झाला. मुंबईचा मालक हा फटका अजून विसरलेला नाही, आणि अकरा महिन्यांचाच करार करण्याची सवय टिकून आहे ती बरीचशी याच धाकाने. एरवी अकरा महिन्यांना इथे अर्थ उरलेला नाही. वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही, हे त्यामागचं जुनं कारण. पण 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी आणि नोंदलेलाच असावा लागतो.

लाखो मोजूनही पक्का हक्क मिळत नाही, या तक्रारीवर पहिला आक्षेप असा की इतकं भाडं देणाऱ्याला कायमचा हक्क नकोच असतो. बँकेचा बडा अधिकारी, वकिलातीतला माणूस दोन-तीन वर्षांत बदलून जाणार. हे खरं आहे, आणि कायद्यानेही ते गृहीत धरलं आहे: बँका, परदेशी वकिलाती, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा झालेलं भागभांडवल असलेल्या कंपन्या यांना दिलेल्या जागा या कायद्याच्या संरक्षणाबाहेर आहेत. पण माझा मुद्दा माणसाच्या सोयीचा नाही, इमारतीचा आहे. ज्याच्या खिशात पैसा आहे त्याचा इमारतीत जीव नाही. ज्याचा जीव आहे त्या पागडीवाल्याला आणि गोठलेल्या भाड्यावर बसलेल्या मालकाला दुरुस्तीचा खर्च आपला वाटत नाही.

पागडीवाला फुकट राहतो, त्याच्यामुळेच इमारती खंगल्या, हा दुसरा आक्षेप. त्यात अर्धंच तथ्य आहे. गोठलेली भाडी अन्यायकारक होती हे सर्वोच्च न्यायालयानेही 1997 मध्ये मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात मान्य केलं. पण पागडीवाल्याने, किंवा त्याच्या वाडवडिलांनी, आत येताना मोठी रक्कम मोजलेली असते, आणि 1999 च्या कायद्याने तो व्यवहार वैधही केला. शिवाय भाडेकरू हलत नव्हते म्हणून पाडून नवं बांधणं मालकाला सोपं गेलं नाही. 1995 ची वारसा नियमावली आणि किनाऱ्याचे निर्बंध यांनी या इमारती राखल्या हे खरंच, पण त्याआधीच्या काळात या अडलेल्या भाडेकरूंनीही त्या नकळत राखल्या. आज बाल्कनीचं जे भाडं मिळतं, त्यात त्यांचाही वाटा आहे. फक्त तो कुठे मांडला जात नाही.

तिसरा आक्षेप मालकाचा: अकरा महिन्यांऐवजी मुदत वाढवली आणि माणूस निघालाच नाही तर? 1999 च्याच कायद्याचं कलम 24 याचं उत्तर देतं. मुदत संपल्यावर जो जागा सोडत नाही, त्याला सक्षम प्राधिकाऱ्याकडून बाहेर काढता येतं आणि तोवर दुप्पट दराने भरपाई मागता येते. म्हणजे 1973 चा फटका पुन्हा बसू नये याची तजवीज कायद्यात आहे. मुद्रांक शुल्काचं कोष्टकसुद्धा 60 महिन्यांपर्यंतचा करार गृहीत धरतं. महिना तीन लाख भाडं आणि अठरा लाख परत मिळणारी अनामत असेल, तर पाच वर्षांचं भाडं 1 कोटी 80 लाख, अनामतीवर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज 9 लाख, आणि या बेरजेवर 0.25 टक्के म्हणजे 47,250 रुपये शुल्क. अकरा-अकरा महिन्यांचे करार करत पाच वर्षं काढली तरी शुल्क जवळपास तेवढंच होतं, वर दर खेपेला नोंदणी फी आणि माणूस बदलला की नव्याने दलाली. पाच वर्षांच्या करारात इमारतीच्या बाहेरच्या दुरुस्तीसाठी दरमहा ठरावीक रक्कम बाजूला काढण्याचं कलम घालायला कोणताही कायदा आड येत नाही, आणि पाच वर्षं राहणारा माणूस ती रक्कम कुठे खर्च झाली हे सोसायटीच्या सभेत नाही, तरी निदान मालकाला विचारेलच.