स्क्रबरमधलं ॲसिड: काय करतं, काय नाही

औष्णिक केंद्रांच्या धुरातल्या सल्फर डायऑक्साइडचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, ‘एवढा महागडा स्क्रबर कशाला? पाण्यात एखादं केमिकल टाका, वायू खाऊन टाकेल!’ इंजिनिअर मंडळीही हे बोलतात, तेव्हा कपाळावर हात मारावासा वाटतो.

वायू खाते ती चुनखडी. हिशेब शाळेतलाच आहे: ६४ किलो सल्फर डायऑक्साइडला १०० किलो कॅल्शियम कार्बोनेट लागतं आणि १७२ किलो जिप्सम तयार होतं. कुठलंही पूरक रसायन हा हिशेब बदलू शकत नाही.

मग ॲडिपिक ॲसिड हे पूरक रसायन घालतात कशाला? स्क्रबरच्या मनोऱ्यात वरून चुनखडीच्या पाण्याचे फवारे पडतात, खालून धूर चढतो. वायू थेंबात विरघळला की थेंबाचा पृष्ठभाग लगेच आम्लधर्मी होतो आणि आणखी वायू घेईनासा होतो. आत चुनखडीचे कण असतात, पण ते सावकाश विरघळतात. ॲडिपिक ॲसिडाचे आयन पृष्ठभागावरची आम्लता उचलून आत नेतात, चुनखडीपाशी मोकळे होतात, पुन्हा बाहेर येतात. पंगतीतल्या वाढप्यासारखं काम. स्वयंपाकघरात भातच नसेल तर तो काय वाढणार?

यावर शंका असेल त्यांनी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने केंटकीतल्या शॉनी वीजकेंद्रात घेतलेल्या चाचण्यांचे अहवाल काढावेत. रसायन अभियंते गॅरी रोशेल यांनी तर १९७७ सालीच याची मीमांसा मांडली होती. फायदा खराच आहे: असलेल्याच मनोऱ्यात जास्त वायू शोषला जातो, किंवा तेवढ्याच शोषणासाठी कमी पंप चालवावे लागतात. चुनखडीही कमी वाया जाते. पण मनोरा हवाच, पंप हवेतच.

‘आम्ल वायूवर पुन्हा ॲसिड?’ हो, हे सौम्य ॲसिड आहे, आम्लता सावरून धरणारं. ‘भयंकर विषारी असेल’ म्हणणाऱ्यांनी ऐकावं, नायलॉनचा हा कच्चा माल खाद्यपदार्थांतही आम्लता राखायला वापरतात. ‘एकदा टाकलं की झालं’ हेही खोटं. जिप्सम बनवण्यासाठी टाकीत हवा सोडतात, तेव्हा या ॲसिडातलं काही ऑक्सिडेशनने नष्ट होतं, काही जिप्सम आणि सांडपाण्याबरोबर जातं. भर घालत राहावी लागते.

आणि प्रत्येक स्क्रबरला हे लागतंच असंही नाही. आपल्या डहाणूच्या केंद्रात धूर समुद्राच्या पाण्याने धुतात. त्यातल्या बायकार्बोनेटवरच काम भागतं. तिथे चुनखडीही लागत नाही, मग ॲडिपिक कुठलं!