रणगाड्यातील संभाषण

रणगाड्याच्या पोलादी पोटात बसलेल्या माणसांना एकमेकांचे बोलणे ऐकू येत नाही, ही गोष्ट बाहेरून पाहणाऱ्याच्या सहसा ध्यानी येत नाही. चालक पुढे खाली बसलेला. तोफ डागणारा आणि गोळा भरणारा वरच्या बुरुजात. आणि नायक झाकणातून डोके बाहेर काढून उभा. अंतर चार हातांचे, परंतु इंजिनाच्या घरघरीत ओरडून सांगितलेला शब्दही तेवढे अंतर ओलांडीत नाही. कानांवर हेडफोन आणि ओठांशी ध्वनिग्राहक असल्यावाचून ही माणसे एक तुकडी होऊच शकत नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश रणगाड्यांत बसविलेले ‘एकोणीस नंबर’चे बिनतारी यंत्र या दृष्टीने मोठे बोधप्रद आहे. त्या एका यंत्राने बोलण्याच्या तीन वाटा करून दिल्या होत्या. ‘ए’ संच दूरच्या बोलण्यासाठी, म्हणजे स्क्वाड्रन व रेजिमेंट यांच्याशी. ‘बी’ संच सुमारे मैलभराच्या आतील सोबतच्या रणगाड्यांशी. आणि तिसरी वाट गाडीतल्या गाडीत. आपण कोणत्या वाटेवर बोलत आहो, हे एका लहानशा खटक्यावर ठरे. ऐन धुमश्चक्रीत नायक तो फिरवावयास विसरला, की चालकाला हासडलेली शिवी साऱ्या रेजिमेंटच्या कानी पडे. ज्याच्यासाठी ती होती त्या चालकाला मात्र काहीच कळत नसे. गोष्ट हसण्यासारखी खरी. पण शिवीच्या जागी ‘थांब, पुढे सुरुंग आहेत’ ही आज्ञा असली म्हणजे हसू मावळते.

दूरची वाट तर एकेरीच. बोलण्यासाठी कळ दाबली, की बोलणाराचे ऐकणे बंद पडते. दोघांनी एकाच वेळी कळ दाबली तर ऐकणाऱ्यांच्या कानी केवळ एक कर्कश शिट्टी येते. आणि आपले शब्द वाया गेले, याचा त्या दोघांना पत्ताही नसतो. म्हणून वाक्याच्या शेवटी ‘ओव्हर’ म्हणावयाचे, म्हणजे ‘आता तू बोल, मी ऐकतो’. ‘आउट’ याचा अर्थ ‘बोलणे संपले, उत्तर नको’. चित्रपटांतील वीर हे दोन्ही शब्द एका दमात उच्चारतात; ‘तू बोल, मी चाललो’ असा त्याचा अर्थ होतो, हे त्यांना कोणी सांगत नाही.

एखादा शब्द नीट ऐकू आला नाही तर ‘से अगेन’ म्हणावे. ‘रिपीट’ म्हणू नये. तोफखान्याच्या परिभाषेत ‘रिपीट’ म्हणजे ‘त्याच जागी पुन्हा मारा करा’. इंग्रजी अक्षरांची नावेही अशीच घातकी. बी, डी, पी, टी ही खरखरीत एकसारखीच वाटतात. यासाठी प्रत्येक अक्षराला एक पूर्ण शब्द दिलेला असतो. आज सर्वत्र चालणारी ‘अल्फा, ब्राव्हो, चार्ली’ ही मालिका १९५६ साली ठरली. आकडेही सुटेसुटे सांगतात. पंधराशे नव्हे, तर एक, पाच, शून्य, शून्य.

पण हे झाले शब्दांचे. कळ दाबण्यापूर्वी काय सांगावयाचे ते मनाशी पक्के करणे, हीच खरी कठीण विद्या होय. शत्रू कोठे, किती, काय करीत आहे, आणि आपण काय करणार, एवढे सांगितले की पुरे. घाबरलेला मनुष्य कळ दाबतो आणि मग विचार करू लागतो. तोवर साऱ्यांची वाट अडून राहते. चांगल्या तुकडीत बोलण्यापेक्षा ऐकणेच अधिक असते.

आणि ऐकणारे केवळ आपलेच नसतात. १९४२ साली उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिश रणगाडेवाले एकमेकांशी क्रिकेटच्या आणि घोड्यांच्या आडपडद्याच्या भाषेत बोलत. तेथे लढलेला कवी कीथ डग्लस याच्या १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत त्याचे मजेदार दर्शन घडते. अशी भाषा आपापसांत सोयीची असते; ती शत्रूला कळणार नाही, हा मात्र भ्रम. रोमेलच्या सैन्यात कॅप्टन आल्फ्रेड सीबोम याच्या हाताखाली ६२१ क्रमांकाची एक कंपनी होती. तिचे काम केवळ कान देण्याचे. संकेतनामे, बोलण्यातल्या लकबी, सहज निघून गेलेली नावे हे सारे ती टिपून घेई, आणि कोणते पथक कोठे आहे याचा अंदाज रोमेलपुढे ठेवी.

१० जुलै १९४२ रोजी तेल अल ऐसा येथे ऑस्ट्रेलियन सैन्याने ही कंपनी काबीज केली. जखमी सीबोम पुढे मृत्यू पावला. तिची कागदपत्रे चाळताना ब्रिटिश अधिकाऱ्यांना आपल्याच माणसांची बडबड शत्रूच्या हस्ताक्षरात वाचावयास मिळाली. त्यानंतर बिनतारी बोलण्याचे नियम कडक करण्यात आले. रोमेलला तसे कान पुन्हा लाभले नाहीत.