कार्बा-एनपी परीक्षा
कार्बापेनेम वर्गातील प्रतिजैव पदार्थांचे विघटन करणारे एंझाइम सूक्ष्मजंतूंत आहे किंवा नाही, हे रंगातील बदलावरून ओळखण्याची शीघ्र प्रयोगशालेय परीक्षा. नॉर्दमान, प्वारेल व दॉर्ते यांनी ती २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. नेहमीच्या चकती पद्धतीत निष्कर्षास सुमारे १६ ते १८ तास लागतात. रक्तात जंतुसंसर्ग झालेल्या रुग्णाच्या बाबतीत एवढा विलंब घातक ठरू शकतो.

या परीक्षेत जंतूंच्या कोशिका फोडून मिळालेला अर्क इमिपेनेम, झिंक सल्फेट व फिनॉल रेड यांच्या विद्रावात मिसळून ३७° से. तापमानास ठेवतात. एनडीएमसारख्या एंझाइमांना जस्त आवश्यक असते, म्हणून झिंक सल्फेटाची योजना. एंझाइमाने इमिपेनेमाचे जलीय विच्छेदन केल्यास अम्लता वाढते व तांबडा विद्राव दोन तासांच्या आत पिवळा किंवा नारिंगी होतो. इमिपेनेमविरहित नळी मात्र तांबडीच राहिली पाहिजे. परीक्षेसाठी सामान्यतः आधी वाढविलेली वसाहत लागते; त्यामुळे हे दोन तास नमुना घेतल्यापासूनचे नव्हेत, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते.

ऑक्सा-४८ या एंझाइमाची क्रिया मंद असल्याने ते कधीकधी निसटते. शिवाय बाह्य पटलातील प्रवेशमार्ग कमी करून औषधास अटकाव करणाऱ्या काही जंतूंत असे एंझाइम नसतेच. तेथे परीक्षा नकारात्मक येऊनही औषध निष्प्रभ ठरते. म्हणून चकती पद्धत किंवा तत्सम संवेदनक्षमता परीक्षा सोबत करावी लागते.