षटकोनी नकाशाचा खेळ करायचाय? आधी कागद ठरवा, मग सॉफ्टवेअर

शाळेत इतिहासाचा प्रकल्प म्हणून किंवा सुट्टीत घरच्या घरी लढाईचा बैठा खेळ तयार करायचा म्हटलं, की सोंगट्या, फासे सगळं जमतं. गाडी अडते ती नकाशावर. मधमाशीच्या पोळ्यासारखी सहा कोनांची घरं पट्टी-पेन्सिलीनं आखायला दिवस जातो, आणि एक रेघ चुकली की पुढची सगळी रांग वाकडी. संगणकावर हेच काम लवकर होतं. पण सॉफ्टवेअर शोधायला गेलं की ढीगभर नावं पुढं येतात. काही फुकट, काही विकत, तर काहींना दरवर्षी पैसे भरायचे. यातलं आपल्या कामाचं कोणतं, ते बघू.

सहा कोनच कशाला?

चौकोनी घरांच्या पटावर सरळ पुढच्या घरात जायला जेवढं अंतर पडतं, त्याच्या 1.41 पट तिरक्या घरात जायला पडतं. दोन्ही चाली एकच धरल्या तर तिरकं जाणारा फुकटात पुढं सरकतो. षटकोनात सहाही शेजारघरं मध्यापासून सारख्याच अंतरावर असतात, म्हणून भांडण नाही. अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स यांनी 1954 मध्ये काढलेल्या ‘टॅक्टिक्स’ या युद्धखेळात चौकोनच होते. पुढं 1961 मध्ये त्यांच्या ॲव्हलॉन हिल कंपनीनं ‘गेटिसबर्ग’च्या नव्या आवृत्तीत षटकोन आणले आणि युद्धखेळात तीच रीत पडली. 1995 साली जर्मनीत निघालेल्या ‘कटान’चं बेटसुद्धा 19 षटकोनी तुकड्यांचंच आहे.

आधी हिशोब कागदाचा

रान किती आणि कसं हे बघूनच आपण अवजार घेतो. इथंही तसंच. समजा, जुलै 1660 मधला पन्हाळा ते विशाळगड हा प्रवास खेळात आणायचाय. दोन्ही गडांमधलं सरळ रेषेतलं अंतर सुमारे 40 किलोमीटर आहे. एक घर म्हणजे 2 किलोमीटर धरलं तर मधे साधारण 20 घरं येतात. घराची रुंदी 2 सेंटिमीटर ठेवली तर झाले 40 सेंटिमीटर. ए-फोर कागदाची लांब बाजू 29.7 सेंटिमीटर, म्हणजे तो बाद. ए-थ्री 42 सेंटिमीटरचा, पण प्रिंटर कडा सोडतो आणि गडांच्या बाहेर जागाच उरत नाही. घर दीड सेंटिमीटरचं केलं तर 30 सेंटिमीटरमध्ये काम होतं आणि ए-थ्रीवर नकाशा मोकळा बसतो. सोंगट्या मात्र त्या मापाच्या घ्याव्या लागतील. मोठाच हवा असेल तर वाढदिवसाचे बॅनर छापणारा फ्लेक्सवाला आहेच.

निवडताना चार गोष्टी तपासा

पहिली, मराठी अक्षरं. सॉफ्टवेअर उघडल्यावर आधी ‘पन्हाळा’, ‘किल्ला’, ‘श्री’ असे शब्द लिहून बघा. जोडाक्षर फुटलं किंवा वेलांटी भलतीकडं गेली तर पुढं जाऊ नका.

दुसरी, नेट. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या सॉफ्टवेअरला संगणकावर काही बसवावं लागत नाही, पण रेंज गेली की काम थांबलं. लाइटीचा भरवसा नसेल तिथं संगणकावर बसणारं, नेटशिवाय चालणारं बरं.

तिसरी, फाइल. पीडीएफ किंवा एसव्हीजी निघत असेल तर नकाशा कितीही मोठा छापा, रेघ फाटत नाही. फक्त चित्र निघत असेल तर ए-थ्रीला 300 डीपीआयनं 4961 बाय 3508 पिक्सेल लागतात. फुकट आवृत्तीत एवढं मोठं चित्र निघतं का, ते आधीच बघून घ्या.

चौथी, पैसे. एकदाच भरायचे की दरवर्षी? दरवर्षीचे असतील तर भरणं थांबवल्यावर जुना नकाशा उघडता आणि बदलता येईल का, हे वाचा. चार महिन्यांची मेहनत दुसऱ्याच्या कुलपात अडकायला नको.

कुणाला काय चालेल?

एक-दोन नकाशेच करायचे असतील तर इंकस्केप पुरे. ते फुकट आहे, नेटशिवाय चालतं आणि मराठी जोडाक्षरं नीट दाखवतं. एक षटकोन काढायचा आणि ‘टाइल्ड क्लोन्स’नं त्याच्या रांगा पाडायच्या. पहिल्या दिवशी थोडं डोकं खातं, मग हात बसतो.

खऱ्या भूभागावर, नदी-डोंगर आहेत तिथंच ठेवून नकाशा हवा असेल तर क्यूजीआयएस. तेही फुकट. त्यातल्या ‘क्रिएट ग्रिड’मध्ये षटकोनाचा पर्याय आहे आणि घराचं माप मीटरमध्ये देता येतं. आपल्या पन्हाळ्याच्या खेळाला हेच सोयीचं.

काल्पनिक राज्य, जंगल, डोंगर असे नकाशे वारंवार करायचे असतील तर वर्ल्डोग्राफर बघा. हेक्सोग्राफर या जुन्या सॉफ्टवेअरची ही पुढची पिढी. घरावर क्लिक केलं की झाडी किंवा डोंगर बसतो. मर्यादित फुकट आवृत्ती आहे. आधी ती वापरा, पटलं तरच पैसे द्या. इंकार्नेटचे नकाशे देखणे होतात, पण ते ब्राउझरमध्ये चालतं आणि पूर्ण सोयींसाठी वर्गणी लागते. खेळ विकायचा विचार असेल तर कोणत्याही सॉफ्टवेअरमधली तयार चित्रं विक्रीला चालतात का, ती अट वाचल्याशिवाय छपाईला जाऊ नका.

छापायला जाताना

तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडं तुमचा युनिकोड फॉन्ट असेलच असं नाही. म्हणून पीडीएफ काढताना अक्षरांचं रेघांत रूपांतर करा. इंकस्केपमध्ये तसा पर्याय मिळतो. छापताना ‘फिट टू पेज’ नको, ‘ॲक्च्युअल साइज’ किंवा 100 टक्के सांगा. नाहीतर दीड सेंटिमीटरचं घर आखडतं आणि सोंगटी बसत नाही. सगळा नकाशा छापण्याआधी एका रांगेतली दहा घरं साध्या कागदावर काढून पट्टीनं मोजा. बरोबर 15 सेंटिमीटर भरली, की खुशाल ए-थ्रीची ऑर्डर द्या.