कणाभोवतीचे पाणी

तांब्याचा आणि ॲल्युमिनियमचा बोलबाला सर्वत्र होतो. परंतु त्यांतून धावणाऱ्या विजेला तिच्या मर्यादेत जखडून ठेवणारे जे विद्युतरोधक पदार्थ, त्यांची आठवण बहुधा ते निकामी होऊन गावात अंधार पडल्यावरच होते. या उपेक्षित कुळात गेल्या तीन दशकांत एका नव्या वंशजाची भर पडली आहे. वेल्समधील बँगर येथील शास्त्रज्ञ टी. जे. लुईस यांनी १९९४ साली असे प्रतिपादन केले की, द्रव्य नॅनोमीटरच्या, म्हणजे मीटरच्या अब्जांशाच्या, मापावर उतरले म्हणजे त्याचे विद्युतीय वर्तन गाभ्यापेक्षा सीमेवर, दोन पदार्थ जेथे एकमेकांस भिडतात त्या पृष्ठावर, अधिक अवलंबून राहते; आणि या विचाराच्या अनुषंगाने इपॉक्सी, पॉलिएथिलीन यांसारख्या पॉलिमरांत सिलिका, ॲल्युमिना इत्यादींचे अतिसूक्ष्म कण शेकडा दोनपाच अशा अल्प प्रमाणात कालवून केलेली संमिश्रे प्रयोगशाळांतून अवतरू लागली.

इपॉक्सीत सिलिकाची भुकटी मिसळण्याची वहिवाट तशी जुनीच, आणि तीत भुकटीचा वाटा वजनाने निम्म्याहूनही अधिक असतो. नवेपण आहे ते कणाच्या आकारात. बारा मायक्रोमीटर व्यासाच्या एक ग्रॅम सिलिकाकणांचे एकूण पृष्ठ पाव चौरस मीटरही भरत नाही. तोच ग्रॅम बारा नॅनोमीटरच्या कणांत विभागला की ते सुमारे २०० चौरस मीटर होते. आत साचणाऱ्या विद्युतभाराला आवर बसावा, सूक्ष्म विद्युत-विसर्जनांच्या माऱ्याने होणारी झीज मंदावावी, अशी जी फळे या संमिश्रांकडून मिळाली, ती या अवाढव्य पृष्ठाच्याच पुण्याईने मिळाली.

परंतु त्याच पृष्ठावर पाण्याचाही हक्क आहे. सिलिकाच्या अंगावर हायड्रॉक्सिल गटांची दाट वस्ती असते आणि पाण्याचे रेणू त्यांना हायड्रोजन-बंधाने सहज बिलगतात. उपकेंद्रातील ट्रान्स्फॉर्मरच्या ब्रीदरमध्ये, म्हणजे हवा आतबाहेर करणाऱ्या नळकांड्यात, जे निळे खडे भरलेले असतात आणि ओल पिऊन गुलाबी पडतात, ते सिलिकाचेच, हे कोणताही वायरमन सांगेल. ज्या द्रव्याला आपण एरवी ओलावा पिण्यासाठीच चाकरीस ठेवतो, त्याची भुकटी विद्युतरोधकाच्या पोटात जाताच आपला स्वभाव विसरेल, ही अपेक्षा मला तरी भाबडी वाटते.

या प्रकरणाची खरी रुजवात केली ती इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठाशी संबद्ध असलेल्या झू, फॉदरगिल आणि रो यांनी, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात. त्यांना असे आढळले की, मोठ्या कणांचे संमिश्र शुद्ध इपॉक्सीहून कमी पाणी शोषते, कारण त्यात मुळात इपॉक्सीच कमी असते; उलट नॅनोकणांचे संमिश्र शुद्ध इपॉक्सीहून पुष्कळच अधिक शोषते. मग हे जादा पाणी राहते कोठे? इपॉक्सी ज्या तापमानाला काचेसारखा कडकपणा सोडून मऊ पडू लागते, ते तापमान ओलाव्याने खाली येते. आणि हवेची सापेक्ष आर्द्रता शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत नेली असता ही घसरण सर्वच नमुन्यांत सुमारे वीस अंशांची, म्हणजे जवळजवळ सारखीच, भरली. याचा अर्थ, इपॉक्सीच्या वाट्याचे पाणी सर्वत्र तेवढेच होते. जे अधिक होते ते कणांच्या भोवती जमले होते. हिशेबाच्या वहीतील शिल्लक पाहून लपविलेली रक्कम हुडकणाऱ्या जाणत्या कारकुनाला शोभावा, असा हा तर्क आहे.

संशोधकांच्या मते, पूर्ण दमट हवेत प्रत्येक कणाभोवती सुमारे पाच रेणूथरांचे घट्ट कवच बनते, आणि त्याबाहेर सुमारे पंचवीस नॅनोमीटरपर्यंत एक विरळ, तरीही विद्युतवाहक, वलय पसरते. कणांची दाटी झाली की शेजारची वलये एकमेकांत शिरतात आणि विद्युतभाराला या कणावरून त्या कणावर सरकत जाण्याची वाट मोकळी होते. झपाट्याने उलटणाऱ्या विद्युतक्षेत्रात त्याला एवढ्या प्रवासाला सवडच नसते. अल्प वारंवारतेत ती मिळते, आणि म्हणून उपद्रव तेथेच उघडा पडतो. रोधकातून वाया जाणारी शक्ती वाढते, तिचे रूपांतर उष्णतेत होते, आणि उष्णता वाढली की वाहकताही वाढते.

उपाय दोन आहेत. मिसळण्यापूर्वी कण निर्वात भट्टीत सुकविणे हा पहिला. परंतु पुढे हवेशी संबंध आला की पाणी सावकाश परत येते. दुसरा अधिक मूलगामी: सिलेन वर्गातील संयुगांनी कणांच्या पृष्ठावरील हायड्रॉक्सिल गट झाकून त्यांना जलद्वेष्टे करणे. लेस्टरच्याच प्रयोगांत अशा कणांची संमिश्रे तेवढ्याच आर्द्रतेत बरेच कमी पाणी शोषतात, असे दिसले.

एवढे सारे ज्ञात असतानाही, कोरड्या खोलीत सुकविलेल्या नमुन्यावर मिळालेला आकडा पुढे करून या पदार्थांची थोरवी गाणे मला अप्रामाणिकच वाटते. कोकणपट्टीच्या पावसात जी सामग्री उभी राहावयाची आहे, तिची खरेदी करणाऱ्या अभियंत्याने चाचणीच्या दाखल्यावर नमुना किती आर्द्रतेत, किती मुदत ठेवला होता आणि कणांच्या पृष्ठावर कोणता संस्कार केला होता, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. त्यांची उत्तरे मिळाल्यावाचून सही करू नये.