व्हीएममधला मीटर शून्य दाखवतो तेव्हा

बोलतोय माणमधून. पत्ता सगळे 'हिंजवडी फेज थ्री' असाच सांगतात, पण गाव माण आणि तालुका मुळशी. पावसाचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात माझी चांगलीच फजिती झाली. एका लूपमधले कॅश मिस कमी करायला दोन दिवस घातले, मग पर्फ चालवलं. आकडा चक्क शून्य! मीटिंगमध्ये मिरवलं. लीडने एकच विचारलं, "अरे, मोजलंस कुठे?" व्हीएमवर. मॅडम फक्त हसल्या.

तर प्रकार असा आहे. प्रोसेसरच्या आत मोजणी करणारे रजिस्टर असतात. इंटेलमध्ये ते १९९३ च्या पेंटियमपासून आहेत. किती सायकल गेल्या, किती इन्स्ट्रक्शन संपल्या, डेटा कॅशमध्ये किती वेळा सापडला नाही, हे ते मोजतात. पण असतात मोजकेच. इंटेलच्या बऱ्याच सर्व्हर प्रोसेसरवर हायपरथ्रेडिंग चालू असेल, तर एका थ्रेडच्या वाट्याला चार साधे आणि तीन ठरावीक कामाचे.

आता पीजी आठवा. अख्ख्या बिल्डिंगला महावितरणचा एक मीटर, आणि मालक प्रत्येक खोलीला सब-मीटर लावतो. व्हीएमला मिळतो तो असाच सब-मीटर, फक्त तो सॉफ्टवेअरचा.

गेस्ट लिनक्स रजिस्टरमध्ये लिहितो, 'कॅश मिस मोज'. त्या क्षणी प्रोसेसर गेस्टला थांबवून केव्हीएमकडे येतो. केव्हीएम ते थेट हार्डवेअरमध्ये लिहीत नाही. तो होस्टच्या पर्फला सांगतो, 'हा व्हीसीपीयू गेस्टचा कोड चालवत असेल तेवढ्याच वेळात हे मोज.' गेस्टने काउंटर वाचला की आधीची शिल्लक अधिक पर्फचा आकडा, अशी बेरीज करून हातात ठेवतो. काउंटर भरून वाहिला तर गेस्टला खोटा इंटरप्टही पाठवतो. बिचाऱ्या गेस्टला वाटतं, सगळं खरं हार्डवेअर!

गोची इथेच आहे. केव्हीएम हा काउंटर 'पिन' करून मागतो. पण होस्टने अख्ख्या सीपीयूसाठी पिन केलेले काउंटर असतील, तर आधी नंबर त्यांचा. होस्टचा एनएमआय वॉचडॉग एक तर कायमच अडवून बसतो. जागा उरली नाही की गेस्टची मोजणी बंद, आणि गेस्टला एररसुद्धा येत नाही. आमच्या होस्टवर त्या दिवशी दुसऱ्या टीमचं प्रोफायलिंग चालू होतं. झालं माझं शून्य.

पर्फ 'नॉट सपोर्टेड' म्हणाला तर बरं, निदान तो खरं बोलतोय. शून्य आलं तर मात्र शंका घ्या. मी आता आधी एक मुद्दाम वाईट प्रोग्राम चालवतो, भलामोठा अ‍ॅरे आणि त्यात कुठेही उड्या. त्यालाही शून्य आलं, तर मीटर बंद आहे!

यावर तोडगा म्हणून इंटेल आणि गूगलच्या इंजिनिअर्सनी २०२४ मध्ये वेगळी पद्धत मांडली. गेस्ट चालू असेपर्यंत काउंटर सरळ त्याच्याच ताब्यात द्यायचे, बाहेर पडताना जपून ठेवायचे. म्हणजे प्रत्येक वाचनाला केव्हीएमची फेरी नको. हे मला जास्त पटतं.

माझा लूप? बेअर मेटलवर मोजला. कॅश मिस होते तेवढेच. पुन्हा त्याच्याच मागे लागलोय. चला, भेटू पुढच्या भागात.